रंगाची पकड

टायटॅनियम डायऑक्साइड आपण रोज हाताळतो पण नाव कोणी घेत नाही. भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये ते आहे, टूथपेस्टमध्ये आहे, औषधाच्या कित्येक गोळ्यांच्या पांढऱ्या कवचातही आहे. केरळात कोल्लमजवळ चवराच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी रेती सापडते, तिच्यातून ही पांढरीशुभ्र पावडर काढता येते. स्वस्त आहे, पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं उन्हात पडून राहिली तरी बिघडत नाही आणि मुळात ती सेमीकंडक्टर आहे, म्हणजे शेतातल्या सोलर पॅनेलमधल्या सिलिकॉनच्याच बिरादरीतली. फक्त तिला ऊन दिसत नाही.

ऊन दिसत नाही म्हणजे, तिच्यातला इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून उचलून वरच्या पट्ट्यात टाकायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि एवढी ताकद फक्त अल्ट्राव्हायोलेट किरणांत असते, साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालच्या. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात असा प्रकाश असतो चार-पाच टक्के. बाकीचा निळा, हिरवा, पिवळा, लाल सगळा ती परत फेकते, म्हणून तर पांढरी दिसते. आमच्या इकडे मे महिन्यात ब्रम्हपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, एवढं ऊन अंगावर पडूनही ही पावडर कोरडीच्या कोरडी. मला या गोष्टीने फार वर्षांपासून धरून ठेवलंय. मी तालुक्याच्या गावी केमिस्ट्री शिकवतो, अकरावी-बारावी आणि बी.एस्सी., झाडीपट्टीत, आणि रसायनशास्त्रात मला सगळ्यात सुंदर काय वाटतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, की या आंधळ्या पावडरीला एका रेणूएवढ्या जाडीचा रंग लावला की तिला दिसायला लागतं, आणि त्यातून उन्हाची वीज करणारा सेल बनतो.

ही कल्पना जुनी आहे आणि ती फोटोग्राफीतून आली. १८७० च्या आसपासच्या फोटोच्या काचा फक्त निळा प्रकाश पकडायच्या कारण सिल्व्हर ब्रोमाइडला तेवढंच कळतं, त्यामुळे निळं आकाश फोटोत पांढरं यायचं आणि पिवळं-लाल फूल काळं ठिक्कर. १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांनी दाखवलं की इमल्शनमध्ये, म्हणजे काचेवरच्या लेपात, योग्य रंगद्रव्य मिसळलं तर तीच काच हिरवा प्रकाशही पकडते. पुढे १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या जेम्स मोझर यांनी तोच प्रयोग चांदीच्या इलेक्ट्रोडवर केला, एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग लावला आणि उजेडात मिळणारा करंट वाढला. इथे खरं तर सगळं बीज आहे. पण बीज पडलं म्हणून लगेच उगवतं असं नाही, मध्ये कितीतरी वर्षं तशीच गेली. १९६० च्या दशकात जर्मनीत गेरिशर आणि ट्रिबुत्श यांनी झिंक ऑक्साइडच्या क्रिस्टलवर रंग लावून नीट मोजमापं केली, रंगाचा रेणू उजेड खातो आणि इलेक्ट्रॉन क्रिस्टलला देतो हे पक्कं केलं. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर अल्ट्राव्हायोलेट टाकून पाणी फोडून दाखवलं आणि सगळ्यांच्या नजरा या पांढऱ्या पावडरीकडे वळल्या. मग १९७७ मध्ये क्लार्क आणि सटिन यांनी तिच्या इलेक्ट्रोडवर रुथेनियम या धातूचे रंगीत कॉम्प्लेक्स वापरले.

आणि इथे अडचण आली ती पकडीची.

आमच्याकडे होळीच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा रानं पेटल्यासारखी दिसतात. फुलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची, केशरी-पिवळं पाणी निघतं. ते नुसतं कपड्यावर टाकलं तर दोन धुण्यांत जातं. पण कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं तर रंग बसतो, कारण तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचं कापड विणणारी घरं आहेत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. धातू आणि रंगाची अशी जोडी म्हणजेच कॉम्प्लेक्स. मी बारावीला कोऑर्डिनेशन कंपाउंड शिकवताना आधी पळस आणि तुरटीच घेऊन जातो, पुस्तकातली कोबाल्टची नावं मागून.

रुथेनियमचंही तेच झालं. द्रावणात तरंगणारा रेणू उजेड खाऊन उपयोग नव्हता, तो पावडरीच्या पृष्ठभागाला चिकटलेला पाहिजे, कारण उजेड खाल्लेली अवस्था टिकतेच मुळी सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्यात तो पोहत पोहत भिंतीपर्यंत पोचणार कधी आणि इलेक्ट्रॉन देणार कधी? १९७९ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटाने, त्यात जॉन गुडइनफ होते, तेच ज्यांना चाळीस वर्षांनी लिथियम बॅटरीसाठी नोबेल मिळालं, रुथेनियमच्या रेणूला टायटॅनियम ऑक्साइडवर रासायनिक बंधाने बांधून दाखवलं. ते बांधायचे हात म्हणजे कार्बॉक्सिल गट. व्हिनेगरमध्ये जो आम्ल गट असतो तोच. तो पृष्ठभागावरच्या टायटॅनियमला जाऊन धरतो. इथे तुरटीची गरज नाही, कारण धातू पृष्ठभागातच बसलेला आहे.

आता या रेणूकडे जरा जवळून बघू, कारण खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. मधोमध रुथेनियमचा एक अणू. त्याच्याभोवती बायपिरिडीन नावाचे चपटे लिगँड, म्हणजे धातूला धरून बसणारे रेणू, नायट्रोजनने धरलेले, आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला ते कार्बॉक्सिलचे हात. दुसऱ्या बाजूला थायोसायनेटचे दोन गट. उजेड पडला की रुथेनियमवरचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून बायपिरिडीनवर जातो, धातूकडून लिगँडकडे. आणि कोणत्या लिगँडवर जातो? जो पावडरीला चिकटलाय त्याच्यावर. म्हणजे उजेडाने इलेक्ट्रॉनला नुसतं वर उचललं नाही तर दाराशीच नेऊन उभं केलं, आता एक पाऊल टाकलं की तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या वरच्या पट्ट्यात. मागे जी रिकामी जागा राहिली ती रुथेनियम आणि थायोसायनेटच्या बाजूला, म्हणजे पावडरीपासून लांब, द्रावणाकडे तोंड करून. इलेक्ट्रॉन एकीकडे, रिकामी जागा दुसरीकडे, दोघांची ताटातूट रेणूच्या आखणीतच करून ठेवलेली. या रेणूला एन-३ म्हणतात, १९९३ साली नझीरुद्दीन आणि ग्रॅट्झेल यांच्या गटाने तो प्रसिद्ध केला आणि दहा टक्के कार्यक्षमता गाठली. नझीरुद्दीन हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आहेत हे मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पोरांना हैदराबाद माहीत असतं, हे काम जिथे झालं ते स्वित्झर्लंडमधलं लोझान माहीत नसतं.

पण एन-३ च्या आधी १९९१ आहे, आणि १९९१ शिवाय ही सगळी कथा प्रयोगशाळेतच विझली असती. सपाट क्रिस्टलवर एका रेणूचा थर लावला तर तो किती उजेड खाणार, एक टक्कासुद्धा नाही. बरं, थर जाड करायचा म्हटलं तर वरच्या रेणूंचा पावडरीला हातच पोचत नाही, ते उजेड खातात आणि तसेच विझतात. ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रॅट्झेल यांनी सपाट क्रिस्टल सोडून दिला. नॅनोमीटरच्या मापाचे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घेतले, काचेवर साधारण दहा मायक्रॉनचा थर दिला, तापवून कण एकमेकांना चिकटवले, आणि त्या भुसभुशीत थराच्या आतल्या प्रत्येक कणाला रुथेनियमचा रंग लावला. बाहेरून बघितलं तर काचेचा एक चौरस सेंटिमीटर, आत मात्र त्याच्या हजारपटीच्या घरात जाणारा पृष्ठभाग. थर एकाच रेणूचा, पण उजेड आत शिरला की त्याला एकामागून एक शेकडो रंगवलेल्या भिंती ओलांडाव्या लागतात. ७.१ ते ७.९ टक्के उन्हाची वीज झाली. आणि रुथेनियम लागतं किती, तर हिशोब करून बघा, एका चौरस मीटरला ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

आता इलेक्ट्रॉन दिला म्हणजे काम झालं असं नाही. रेणू रिकामा झाला, त्याला कोणीतरी परत भरलं पाहिजे, नाहीतर दिलेला इलेक्ट्रॉनच मागे फिरून त्या रिकाम्या जागेत पडतो आणि सगळी मेहनत वाया. विहिरीवर मोटार कितीही मोठी बसवा, झरा जिवंत नसेल तर अर्ध्या तासात फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, तसंच हे. इथला झरा म्हणजे आयोडाइड. दोन काचांच्या मध्ये आयोडीनचं द्रावण असतं, आयोडाइड रेणूला इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः ट्रायआयोडाइड होतं, ते समोरच्या प्लॅटिनम लावलेल्या काचेवर जातं, बाहेरच्या तारेतून, बल्बमधून फिरून आलेला इलेक्ट्रॉन घेतं आणि पुन्हा आयोडाइड. काहीच खर्च होत नाही. सगळं वेळेच्या हिशोबावर चालतं: इलेक्ट्रॉन पावडरीत उतरायला फेम्टोसेकंद ते पिकोसेकंद लागतात, फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक, आयोडाइड मायक्रोसेकंदाच्या आसपास रेणू भरतं, आणि उलटा फिरणारा इलेक्ट्रॉन त्यापेक्षा सावकाश असतो. पुढची पावलं भराभर आणि उलटं पाऊल हळू, म्हणून करंट बाहेर येतो. वीस वर्षं उन्हात टिकायचं तर एकेका रेणूला हे चक्र दहा कोटींच्या घरात फिरावं लागतं. दहा कोटी वेळा इलेक्ट्रॉन द्यायचा, दहा कोटी वेळा परत घ्यायचा, आणि तुटायचं नाही. मला या आकड्यापाशी दरवेळी थांबावंसं वाटतं.

हे सगळं पोरांना फळ्यावर दाखवता येतं पण हाताने करण्यात जे आहे ते फळ्यात नाही, आणि रुथेनियम आमच्या लॅबला परवडणारं नाही. त्यावर उपाय अमेरिकेतले ग्रेग स्मेस्टॅड आणि ग्रॅट्झेल यांनी नव्वदच्या दशकातच काढून ठेवलाय, विद्यार्थ्यांसाठी ब्लॅकबेरीच्या रसाचा सेल. आमच्याकडे ब्लॅकबेरी नाही, जांभूळ आहे, पोतंभर.

काच लागते एका बाजूने वीज वाहणारी, टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिलेली, कोणती बाजू ते मल्टिमीटर लावून बघायचं. कडांना टेप लावायची. पावडर खलात घ्यायची, व्हिनेगरचे थेंब टाकत टाकत घोटायची, दही फेटल्यावर दिसतं तसं दिसेपर्यंत, शेवटी भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब. काचेच्या कांडीने एका दमात ओढायची. मग हॉटप्लेटवर साडेचारशे अंशांकडे न्यायचं. हा भाग पोरं डोळे न हलवता बघतात, थर आधी तपकिरी होतो, सगळ्यांना वाटतं जळाला, आणि मग तो आपोआप पुन्हा पांढरा होतो कारण आतलं सेंद्रिय जळून निघून गेलेलं असतं आणि कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. थंड झाला की जांभळाच्या रसात बुडवायचा. रस लालसर असतो, पण थरावर चढलेला रंग निळसर जांभळा होतो, आणि हा फरक डोळ्यांनी दिसतो. रसातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असतात, ती पृष्ठभागावरच्या टायटॅनियमला चिमटीत धरतात, धातूशी कॉम्प्लेक्स होतं आणि कॉम्प्लेक्स झाल्यामुळे रंग बदलतो. पाण्याने धुतलं तरी जात नाही. दुसऱ्या काचेवर पेन्सिलीचं शिसं घासायचं, दोन्ही काचा जरा सरकवून समोरासमोर, क्लिपा, मध्ये आयोडीनचे दोन थेंब. बाहेर उन्हात नेऊन मल्टिमीटर लावला की अर्ध्या व्होल्टच्या आतला आकडा येतो आणि वर हात धरला की पडतो, हात काढला की चढतो. पोरं मग आळीपाळीने नुसता हात धरत-काढत बसतात.

एकदा शेजारच्या वावरातले काका कुंपणावरून बघत होते, त्यांनी विचारलं, "मास्तर, याच्यावर मोटार चालते का जी?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर नाही असंच आहे. मोटारीला सिलिकॉनच, वीस-बावीस टक्क्यांचे पॅनेल बाजारात मिळतात, सौर कृषी पंपावर तेच बसतात, दिवसा ओलित होतं, रात्री साप-विंचवात मोटार सुरू करायला जायची पाळी येत नाही, आणि त्या एका गोष्टीसाठी मी सिलिकॉनला हात जोडतो. रंगाच्या सेलची दुखणी खरी आहेत. आत द्रव आहे, चांगले सेल ज्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये बनतात ते ८२ अंशाला उकळतं, आणि आमच्या उन्हाळ्यात पॅनेलची पाठ सत्तरच्या जवळ जाते, असं द्रव सील करून वीस वर्षं ठेवणं सोपं काम नाही. पाणी आत शिरलं तर कार्बॉक्सिलची पकड सुटते. वरून रुथेनियम दुर्मीळ, प्लॅटिनमच्या खाणींतून सोबत निघतं, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. २०११ मध्ये जस्ताच्या पॉर्फिरिनने, म्हणजे हिरव्या पानातल्या क्लोरोफिलच्या सख्ख्या नात्यातल्या रेणूने, १२.३ टक्के गाठले आणि रुथेनियमशिवाय चालतं हे दाखवलं. पण २००९ मध्ये याच सेलमध्ये रंगाच्या जागी जपानच्या मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइट नावाचा वेगळा स्फटिक पदार्थ घालून बघितलं होतं, तेव्हा ३.८ टक्के आले, आणि तिथून पेरोव्हस्काइटची गाडी जी सुटली ती २६ च्या पुढे गेली, संशोधकांची गर्दीही तिकडेच गेली.

तरी मी हा सेल मेला असं म्हणणार नाही. खोलीतल्या उजेडात तो फार चांगला चालतो, २०१७ मध्ये तांब्याच्या कॉम्प्लेक्सचं द्रावण वापरून १००० लक्सच्या उजेडात २८.९ टक्के मिळाले आहेत. ढगाळ, सावलीतला, घरातला उजेड, जिथे सिलिकॉनची ताकद झपाट्याने उतरते तिथे हा टिकून राहतो. ओल मोजणारा एखादा सेन्सर संत्र्याच्या झाडाखाली सावलीत ठेवायचा तर मला हाच सेल आठवेल.

पण माझ्या मनात जास्त घर करून बसलाय तो एका विद्यार्थिनीचा प्रश्न. मी आवर्त सारणीवर रुथेनियम दाखवत होतो, बरोबर त्याच्या डोक्यावर लोखंड असतं, एकाच उभ्या रांगेत. ती म्हणाली, "सर, लोखंड तं आपल्या गडचिरोलीतून ट्रक भरभरून निघून रायलं, मंग थेच काऊन नाही वापरत जी?" वर्गातली सुरजागडकडची दोन पोरं ताठ बसली.

याचं उत्तर बारावीच्या पुस्तकातच आहे, फक्त तिथे ते उत्तर म्हणून लिहिलेलं नाही. क्रिस्टल फील्ड स्प्लिटिंग आपण शिकवतो, डी ऑर्बिटलचे, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनच्या कप्प्यांचे, खालचे तीन आणि वरचे दोन, मधलं अंतर डेल्टा. रुथेनियम ४डी चं, म्हणजे कप्पे चौथ्या थरातले, त्याचं हे अंतर मोठं, म्हणून उजेडाने लिगँडवर गेलेला इलेक्ट्रॉन तिथेच थांबतो, त्याला खाली घसरायला जवळ जागा नसते. लोखंड ३डी चं, अंतर लहान, वरचे दोन कप्पे इतके खाली की लिगँडवर गेलेली ऊर्जा लगेच धातूच्याच कप्प्यांत ओघळते आणि उष्णता होऊन जाते. साध्या लोखंड-बायपिरिडीनमध्ये हे शंभरेक फेम्टोसेकंदांत उरकतं. रंग छान लालभडक, उजेड भरपूर खातो, पण इलेक्ट्रॉन दारातून बाहेर पडायच्या आतच ऊर्जा आटलेली. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या गटाने बायपिरिडीनच्या जागी कार्बीन लिगँड लावले, ते कार्बनने लोखंडाला इतकं जोरात धरतात की वरचे कप्पे आणखी वर ढकलले जातात, घसरायची वाट लांबते, आणि अवस्था दहा-वीस पिकोसेकंद टिकायला लागते. तेवढं पुरतं. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की असा लोखंडाचा रंग खाल्लेल्या उजेडातले ९२ टक्के इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देतो.

सेल म्हणून मात्र लोखंड अजून एक-दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतंय. इलेक्ट्रॉन देतं पण त्यातले बरेच उलटे फिरतात, म्हणजे आता अडलेलं आहे ते झऱ्याच्या बाजूला आणि रेणूच्या आखणीत, रिकामी जागा पावडरीपासून पुरेशी लांब नेण्यात. हे मी त्या पोरीला सांगितलं तेव्हा तिने वहीत एन-३ चं चित्र काढलं होतं, त्यातलं रुथेनियम खोडून तिथे लोखंड लिहिलं आणि थायोसायनेटच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. बरोबर त्याच जागी ते हवं होतं. ती आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

विदर्भातल्या केमिस्ट्रीच्या मास्तरांना आणि मॅडमना एवढंच सांगतो की डेल्टाचा धडा एकदा या बाजूने शिकवून बघा. आपल्याकडे उन्हाळ्यामुळे शाळा-कॉलेजं बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा बाजारात जांभळं असतातच. वीज वाहणारी काच लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मागवता येते आणि नीट धुतली तर पुढच्या वर्षीही चालते. जांभळं संपली असतील तर दिवाळीनंतर अंबाडीची लाल फुलं येतात, त्यांचाही रस पांढऱ्या थरावर चांगला चढतो.